पुजलेला पारा

खंडेनवमीला ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा. सुताराघरी करवत, शिंप्याघरी कात्री, यंत्रमागाच्या कारखान्यात लूम. विद्युल्लताबाईंच्या घरी पाटावर मधोमध बसायचं ते तात्यांचं रक्तदाब मोजायचं मशीन.

तात्या म्हणजे त्यांचे यजमान. नारपोलीच्या एका दवाखान्यात त्यांनी उभा जन्म कंपाउंडरकी केली. शिफ्ट सुटली की केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन माणसं यायची आणि डॉक्टरांच्या आधी तात्यांसमोर बाही वर करून बसायची. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, तेव्हा त्यांनी ते मशीन तात्यांच्याच ओटीत घातलं. राखाडी पत्र्याची लांबट पेटी. झाकण उभं केलं की आत काचेची नळी, नळीशेजारी आकडे, आणि रबरी फुगा दाबला की नळीत सरसर चढणारा पारा. त्यानंतर कामतघरच्या घराच्या ओट्यावर रोज सकाळी तात्यांचा दरबार भरू लागला. "मीठ कमी कर. आणि बायकोवर ओरडणं त्याहून कमी कर," हे औषध ते सगळ्यांना फुकट द्यायचे.

तात्यांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी पूजा चुकली नाही. उलट यंदा तर विद्युल्लताबाईंना पहाटेपासून हुरूप आला होता. उद्या दसऱ्याला नात अपूर्वा पुण्याहून येणार होती, आणि येताना वल्लरीला आणणार होती. वल्लरी म्हणजे पणती. आठ महिन्यांची झाली, गुडघ्यांवर रांगायला लागली, आणि पणजीने तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहिलेलं. हात लावावा तर बोट गार काचेला लागायचं.

त्यांच्या माहेरी रीत होती. पणतवंडाचं तोंड पाहिलं की ते मांडीवर घ्यायचं आणि दोघांच्या डोक्यावरून सोन्याचं फूल उधळायचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाची पुढची वाट सोपी होते. तात्यांनी शेवटच्या वर्षी बाईंच्या कानातल्या तुटक्या कुडीचं एक इवलंसं फूल घडवून आणलं होतं. "मी नसलो तरी फूल असू दे," म्हणाले होते. वरच्या मजल्यावरच्या माईंनी परवाच शंका काढली, "अगो, ते पणतूसाठी असतं, पणतीसाठी नव्हे." "स्वर्गाच्या दारात कोण बसलंय चौकशी करायला?" असं म्हणून विद्युल्लताबाईंनी त्यांना वाटेला लावलं.

तर आज पाटावर विळी, कात्री, सुनेच्या लॅपटॉपचा माऊस, मशीन, आणि मशीनजवळ वाटीत ते सोन्याचं फूल, अशी मांडणी झाली. हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ घालायची म्हणून त्यांनी पेटीचं झाकण उभं केलं, आणि आतून काहीतरी टपटप पाटावर सांडलं.

चांदीचे थेंब. पाटाच्या उतारावरून पळाले, अक्षतांत शिरले, दोन जमिनीवर पडले आणि पडताच त्यांचे वीस झाले.

"बया! काकू, मोती सांडलं!" सरू ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. सरू वडप्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. रोज सकाळी टेम्पोने कामतघरला येऊन दोन-तीन घरची धुणीभांडी करायची.

"मोती नाहीत गं. पारा आहे. नळी तडकली वाटतं."

"पारा म्हंजे?"

आता पारा म्हणजे काय, हे कसं सांगावं? विद्युल्लताबाईंना आठवलं ते त्यांचं परकरातलं वय. घरात थर्मामीटर फुटला होता. भावंडांनी तो थेंब काडेपेटीत घालून आठवडाभर खेळवला होता. तांब्याच्या पैशाला चोळून त्याचा रुपया केला होता. पुढे तात्यासुद्धा लहानग्या मुलाच्या, देवेशच्या तळहातावर थेंब ठेवून म्हणायचे, "बघ, सगळं ओलं करतं ते पाणी, कशालाच ओलं करत नाही तो पारा." कुणी कधी ओरडलं नव्हतं. त्यांनी सरूला सांगितलं, "खेळणं असतं ते पूर्वीचं."

मग दोघी वाकून वेचायला लागल्या. बोटांत धरायला जावं तर थेंब निसटे, जसं काही त्याला गुदगुल्या होत होत्या. सरू खिदळत होती. शेवटी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने लोटत लोटत, झेंडूच्या पाकळ्या-अक्षतांसकट, हाती आलं तेवढं त्यांनी मोरावळ्याच्या रिकाम्या बरणीत भरलं. बरणी चांगली जाड काचेची, घट्ट झाकणाची होती.

पण पुढे काय? मशीन भंगलं. भंगलेलं पूजेत ठेवत नाहीत. आणि नुकतंच हळदकुंकू वाहिलेलं कचऱ्यात तर नाहीच नाही. देवाची तसबीर फुटली, घरातला गणपती दुखावला, तर काय करतो आपण? हात जोडतो आणि पाण्यात सोडतो. तात्यांचं मशीन भंगारवाल्याच्या तराजूत पडावं, हे त्यांना पाहवलं नसतं. वऱ्हाळदेवीचा तलाव घरापासून चालत जाण्याजोगा. तात्यांच्या अस्थींचा थोडा भागही त्यांनी तिथल्याच पाण्यात सोडला होता. त्यांना वाटलं, ठीक आहे, जिकडे मालक तिकडे मशीन.

त्यांनी पेटी आणि बरणी निर्माल्याच्या पिशवीत घातली. "सरू, तू तलावावरनंच जातेस ना? हे पाण्यात सोड. पाठ न फिरवता, नमस्कार करून."

"बरं काकू." सरूने पिशवी उचलली. "लय जड हाय वो तात्यांचं मशीन."

"माणूसही जडच होतं," असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सरू गेली. विद्युल्लताबाई पाट उचलायला वाकल्या आणि थबकल्या. वाटीत चांदीचं फूल होतं.

त्यांनी चष्मा पुसला. फूल चांदीचंच. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने पाहिलं, न काढलेल्या डोळ्याने पाहिलं. उजेडात नेलं. तीच पाच पाकळ्यांची घडण, पाकळीवर तीच चीर, फक्त सोनं कुठे गेलं? आपण काल डबीतून दुसरंच फूल काढलं की काय? पण दुसरं फूल घरात होतंच कुठे? आणि मग त्यांच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. तो सोनार! बाजारपेठेतला तो गोडबोल्या! कुडीचं सोनं स्वतःच्या घशात घातलं आणि तात्यांना मुलामा दिलेली चांदी दिली. पाच वर्षांत मुलामा उडाला. तो सोनारही आता वारलेला, त्यामुळे भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. तरी त्यांनी भिंतीकडे तोंड करून त्याला चार गोष्टी सुनावल्या.

जेवणवेळेला नेत्रा आली. नेत्रा ही त्यांची सून, ठाण्याला बँकेत. उद्याच्या तयारीसाठी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. चप्पल काढता काढता तिला सोनाराचं अख्खं पुराण ऐकावं लागलं.

"थांबा आई," ती म्हणाली, "सोनं असं एका रात्रीत चांदी होत नाही. फुलाजवळ काय ठेवलं होतं तुम्ही?"

"काय असणार? विळी, कात्री, हे मशीन. त्यातला पारा तेवढा सांडला आज."

नेत्रा पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. "पारा सांडला? इथे? कुठे? कशाने उचलला?"

"हाताने. अजून कशाने उचलतात?"

नेत्राने फोन काढला. ती वाचत गेली तसतसा तिचा आवाज बारीक होत गेला. पारा सोन्याला चिकटतो आणि ते पांढरं पडतं, म्हणजे एखादा थेंब वाटीतही उडाला असणार. तो उघड्यावर राहिला की त्याची वाफ होते, ती दिसत नाही, वासही येत नाही, पण श्वासातून अंगात भिनते. केरसुणी लावायची नाही, लावली तर थेंब फुटून आणखी पसरतात. मोरीत ओतायचा नाही. लहान मुलांना तर त्या खोलीत आणायचंच नाही. मूल जितकं लहान तितका धोका मोठा.

"अगं, आम्ही तळहातावर घेऊन खेळलोय," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "मेलो का?"

"तुम्ही रांगत नाही आई. ती रांगते. जमिनीवरचं दिसेल ते तोंडात घालते." नेत्रा खाली बसली. "मी अपूर्वाला फोन करते. उद्या येऊ नका म्हणून."

विद्युल्लताबाई बोटं मोजू लागल्या. मे महिन्यात येणार होती, तेव्हा बाळाला ताप होता. गणपतीत येणार होती, तेव्हा नातजावयाला सुट्टी नव्हती. ह्या वयात पुढचा सण कुणी पाहिलाय? "एवढ्यात नको करूस गं," त्या म्हणाल्या. "आपण काढू ना सगळा. आणि पुष्कळसा तर गेलाही घरातून. सरू घेऊन गेली विसर्जनाला."

"विसर्जनाला कुठे?"

"तलावात."

नेत्राने सरूचा नंबर लावायला घेतला. आणि तेव्हा विद्युल्लताबाईंना तो तलाव दिसला. कठड्यावर बसून गळ टाकणारी पोरं, पायरीवर तोंड धुणारे लूमवाले, लहानपणी त्या स्वतः ज्याचं पाणी हंड्याने आणायच्या तो तलाव. देवीच्या पायाशी आपण काय पाठवलं? पण देवाला वाहिलेलं देवीला कसं बाधेल? काही कळेना. डोक्यात सगळं त्या थेंबांसारखं पळायला लागलं. एकाला धरावं तर त्याचे दहा होत.

सरूचा फोन लागेना. नेत्राने खिडक्या सताड उघडल्या, देवाची खोली बाहेरून लावून घेतली, आणि दोघी रिक्षात बसल्या. "भैया, तलाव. जल्दी," नेत्रा म्हणाली. आरशातून म्हातारीचा रडवेला चेहरा पाहून रिक्षावाला म्हणाला, "अम्माजी, मन्नत है क्या?" "उलटी मन्नत आहे," नेत्रा म्हणाली. त्याला काही कळलं नाही, पण त्याने रिक्षा पळवली.

तलावाच्या रस्त्याला दसऱ्याचा बाजार भरला होता. झेंडूचे ढीग, तोरणं, भाताच्या लोंब्या, आणि आपट्याच्या पानांचे भारे घेऊन बसलेल्या पाड्यापाड्यांवरच्या बाया. विद्युल्लताबाई आधी पायऱ्यांशी गेल्या. पाण्याकडे पाहू लागल्या. पाणी हिरवट, शांत. आत काय पडलंय ते पाणी थोडंच सांगतं?

"आई, इकडे!" नेत्राने हाक मारली.

बाजाराच्या टोकाला सरू बसली होती. काम आटोपून ती आपट्याची पानं विकायला बसली होती, आणि तिने अंथरलेला निळा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर धोंडा, दुसऱ्यावर वीट आणि तिसऱ्यावर तात्यांचं मशीन ठेवलेलं होतं.

विद्युल्लताबाई मटकन तिच्याशेजारी बसल्या. "सरू! सोडलं नाहीस ना?"

सरूला वाटलं, काकू रागावल्या. "सोडतेच की, जाताना. वारा लय सुटला व्हता, म्हंटलं घटकाभर वजनाला ठेवावं. तात्या काय न्हाय म्हनतील व्हय?"

"आणि बरणी? बरणी कुठाय?"

सरू जरा ओशाळली. मागच्या गाठोड्यातून तिने बरणी काढली. "ते मोती पान्यात सोडनार व्हते, आन बरनी घरी नेनार व्हते. येवढी बेस बरनी, मीठ ठेवाया व्हईल म्हंटलं. मागनार व्हते तुमाला उद्या."

बरणीचं झाकण घट्ट होतं. नेत्राने ती रुमालात धरली आणि दुसऱ्या पिशवीत गुंडाळली. विद्युल्लताबाईंना त्या बरणीत मीठ दिसलं, सरूच्या चुलीशेजारी, रोज चिमूट चिमूट कालवणात पडणारं. त्या स्वतः आयुष्यभर काय करत आल्या होत्या? औषधाच्या बाटलीत तेल, बिस्किटाच्या डब्यात डाळ. काही टाकायचं नाही, सगळं वापरायचं, हेच तर शहाणपण म्हणून सुनेला शिकवलं होतं.

"सरू, हे विष आहे गं," त्या म्हणाल्या. "हात साबणाने धू. घरी जाऊन पुन्हा धू."

सरूने त्यांच्याकडे, मग पेटीवरच्या कुंकवाकडे पाहिलं. "इख हाय? मंग सकाळी देवाला कशाला वाहिलंत?"

"तेव्हा माहीत नव्हतं."

"आता तरी ठरवा काकू. देवाचं हाय का इखाचं, येक काय ते सांगा. म्हंजे पाया पडाया का लांब पळाया, ते समजंल."

तोवर चार माणसं जमली होतीच. कुणाचं सोनं हरवलंय का, असं विचारत पाचवा आला. पारा म्हटल्यावर एक टिळेवाले गृहस्थ पुढे झाले. "माताजी, मला द्या. पारदाचं शिवलिंग करून देतो, घराची भरभराट होईल." फुलवाली म्हणाली, "खड्डा खणून पुरा, मातीच्या पोटात सगळं जिरतं." एका पोराने सांगितलं की भंगारवाला पारा लगेच घेतो, तो कशासाठी घेतो ते त्याला ठाऊक नव्हतं. एक म्हातारे चाचा नातवाचं बोट धरून उभे होते, ते म्हणाले, "बहनजी, हम तो बचपन में इससे खेलते थे." "मीसुद्धा!" विद्युल्लताबाई एकदम म्हणाल्या. तेवढं एकच वाक्य त्यांना त्या गर्दीत समजलं.

नेत्राने त्यांचा दंड धरला. "चला आई. इथे उभं राहिलो तर संध्याकाळपर्यंत देऊळ बांधून होईल ह्याचं."

घराच्या कोपऱ्यावर घंटागाडी उभी होती. मनोज, गाडीवरचा मुकादम, ओळखीचा होता. एकेकाळी तात्यांनी त्याच्या आईचा दाब मोजलेला.

"काय आजी, ओला का सुका?" त्याने नेहमीसारखं विचारलं.

विद्युल्लताबाई विचारात पडल्या. "ओला म्हणशील तर, वाहतो. पण कशालाच ओलं करत नाही. म्हणजे सुका म्हणावा, तर सुकाही नाही."

"कोडं घालताय होय?"

नेत्राने पिशवी उघडून दाखवली. मनोजचा हात मागे गेला. "नाय वहिनी, ह्या गाडीत नको. हे ट्यूबलाइट, बॅटऱ्या, जुनी औषधं, असल्यांबरोबर वेगळं जातं. इथं टाकलं तर फुटणार, आणि पुढं कचरा हातानं निवडणाऱ्या बाया आहेत, त्यांच्या अंगावर जाणार."

"वेगळं म्हणजे कधी? कुठे?"

"ते मला विचारून सांगावं लागंल. उद्या तर दसरा. परवा साहेबांना विचारतो. तोवर झाकण पक्कं लावा, आणखी एका डब्यात घाला, वर ठळक लिहा आणि घराबाहेर उन्हापासून लांब ठेवा. आणि आजी..." त्याने आवाज उतरवला, "तात्यांचं मशीन ना हे?"

"हो रे."

"माझी आई म्हणायची, तात्यांनी दाब मोजला की निम्मा दाब तिथंच उतरतो," असं म्हणून तो घंटा वाजवत पुढे गेला. गाडीच्या मागे 'ओला', 'सुका' असं दोन जागी लिहिलं होतं. तिसऱ्या जागी काय लिहिलेलं होतं, ते चिखलाने झाकलं होतं.

मग सफाई सुरू झाली. नेत्राने मंगळसूत्र, अंगठी, बांगड्या काढून स्वयंपाकघरात ठेवल्या, हातांत प्लास्टिकचे मोजे घातले. पंखा बंद, पडदे बाजूला. विद्युल्लताबाईंना तिने उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसवलं आणि हातात टॉर्च दिला. "तुम्ही फक्त उजेड दाखवा. आडवा धरा."

टॉर्च आडवा धरला आणि जमीन चमकली. फरशीच्या सांध्यात, देव्हाऱ्याच्या पायाशी, कपाटाखाली, बारीक बारीक चांदण्या. एरवी त्यांना सुंदर वाटलं असतं. आज त्या प्रत्येक ठिपक्याजवळ एक इवला तळहात टेकलेला दिसत होता. "तिथे बघ. नाही, डावीकडे. अजून एक." नेत्रा दोन पत्रिकांच्या कडांनी थेंबांना एकत्र लोटायची, उरलेले चिकटपट्टीने टिपायची, आणि सगळं बरणीत घालायची. झेंडूची माळ, अक्षता, पाटावरचं वस्त्र, विद्युल्लताबाईंचं सकाळचं लुगडं, सगळं वेगळ्या पिशवीत बांधलं गेलं.

"लुगडंही?"

"लुगडंही."

"धुतलं तर?"

"धुतलं तर तो पाण्यात जाईल, आणि आपण पुन्हा तलावावर," नेत्रा म्हणाली. ती घामाघूम झाली होती, पण हसली.

तेवढ्यात देवेशचा फोन आला. देवेश म्हणजे त्यांचा मुलगा, सुताच्या कामासाठी सुरतेला गेलेला, उद्या सकाळी परतणार होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "फुलाची काय चिंता करतेस आई? सोनाराकडे दे. भट्टीत तापवलं की पारा उडून जातो, सोनं पुन्हा पिवळं."

"उडून जातो म्हणजे कुठे जातो रे?"

"म्हणजे... उडून. हवेत."

"कुणाच्या हवेत?"

भट्टीपुढे ओणवा होऊन फुंकणी फुंकणारा कुणी कारागीर विद्युल्लताबाईंना दिसला. आणि त्यांना कळेना, आपल्या लहानपणी हे 'जाणं' इतकं अवघड का नव्हतं. सालं गाईला जायची, राख भांड्यांना जायची, चिंध्या गोधडीत जायच्या. जे जायचं ते कुठेतरी पोचायचं, आणि पोचलेलं दिसायचं. ह्या पाऱ्याला मात्र कुठेच पोचता येत नव्हतं. पाणी नको, माती नको, वारा नको, अग्नी नको. पंचमहाभूतांपैकी एकही त्याला घरात घ्यायला तयार नव्हतं, आणि आज सकाळपर्यंत तो आपल्या पाटावर मानाने बसला होता.

त्यांनी वाटीतलं फूल चिमट्याने उचललं. पांढरंफटक. थोडा वेळ धरून ठेवलं.

"उद्या ह्याला हात न लावता, नुसतं दुरून ओवाळलं तर?" त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांना वल्लरीचा पसरलेला हात दिसला. चमकणारी वस्तू दिसली आणि तिने झेप घातली नाही, असं फोनवर एकदाही झालं नव्हतं. त्यांनी बरणीचं झाकण उघडायला लावलं आणि फूल आत सोडलं. आतल्या पाकळ्या-अक्षतांवर ते टेकून राहिलं, मग नेत्राने झाकण आवळलं.

"आता अपूर्वाला फोन," नेत्रा म्हणाली. "मी करू?"

"नको. मीच करते. सांडलं माझ्या हातून."

फोनवर आधी वल्लरीचंच नाक दिसलं, मग अपूर्वा. विद्युल्लताबाईंनी काहीही न लपवता सांगितलं. फूल पांढरं झालेलंही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुझी आई म्हणते, येऊ नका. मलाही कळतंय ते. पण मला कळलेलं मला पटत नाहीये बाळा. काय करू?"

अपूर्वाने वल्लरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आजी, तुमचा ओटा आहे ना अजून? आजोबा दाब मोजायचे तो?"

"आहे की."

"मग आम्ही घरात येतच नाही. ओट्यावर बसू, जेवू, आणि रात्रीच्या आत परत."

विद्युल्लताबाईंनी नेत्राकडे पाहिलं. नेत्राने फोनकडे, मग ओट्याकडे. "मोकळी हवा आहे," ती म्हणाली. "आणि आई, तुम्ही डोक्यावरून अंघोळ करून नवं लुगडं नेसायचं."

बरणी एका मोठ्या डब्यात गेली, डब्याभोवती चिंध्या, वर झाकण. लिहायचं काम विद्युल्लताबाईंनी मागून घेतलं. 'विष. पारा आहे. उघडू नये,' त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि सवयीने बोट कुंकवाच्या करंड्याकडे गेलं. अर्ध्या वाटेत थांबलं. लावलं तर सरूसारखं कुणी गोंधळेल. न लावावं तर तात्यांची पेटी अशी बोडकी जायची? बराच वेळ ते बोट हवेत राहिलं. मग त्यांनी ते आपल्याच पदराला पुसलं. डबा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली पेटी जिन्यामागच्या सावलीत, कुलूप असलेल्या जाळीआड ठेवली गेली.

दसऱ्याला शेजारच्या कारखान्यातले लूम बंद होते. खडखडाट नसला की कामतघरच्या माणसाला कानात दडे बसल्यासारखं वाटतं. त्या शांततेत दुपारी रिक्षा थांबली, आणि अपूर्वा ओट्याची पायरी चढली. वल्लरी तिच्या कडेवरून पणजीकडे टकमक बघत होती. फोनमधली म्हातारी बाहेर कशी आली, असा काहीसा चेहरा होता तिचा.

विद्युल्लताबाईंनी तिला मांडीवर घेतलं. जड होती. उबदार होती. अंगाला दुधाचा आंबूस वास होता, जो फोनमध्ये कधी आला नव्हता.

"आता उधळायचं काय?" देवेशने विचारलं. तो पहाटेच पोचला होता. "फूल तर विष झालं."

उधळायचं काय, हे विद्युल्लताबाईंनाही माहीत नव्हतं. रात्रभर विचार करूनही सुचलं नव्हतं. तेवढ्यात सरू आली. दरवर्षीसारखी आपट्याच्या पानांची जुडी घेऊन आली, पण पायरीखालीच थांबली. "येऊ का वर? का अजून इख हाय?"

"ओट्यावर नाही. ये."

"हे घ्या सोनं. आन हात तीनदा धुतलं बगा." तिने जुडी पुढे केली, आणि बाळाला पाहून तिला काही राहवेना. दोन पानं तिने सरळ वल्लरीच्या डोक्यावर टाकली. "सोनं घे, सोन्यासारखी राव्ह."

मग नेत्राने टाकली, देवेशने टाकली, वरून माईंनी गॅलरीतून टाकली आणि ओरडून पुन्हा सांगितलं की हे खरं तर पणतूसाठी असतं. पानं पणजीच्या पांढऱ्या केसांत अडकली, पणतीच्या मांडीवर पडली. वल्लरीने एक पान मुठीत धरलं आणि थेट तोंडाकडे नेलं.

"ए!" सगळे एकदम ओरडले.

विद्युल्लताबाईंनी तिची मूठ धरली. हळूच पान काढून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला. पानच होतं. तरी त्यांनी ते परत दिलं नाही, आणि टाकलंही नाही. ते हातात तसंच धरून त्या जिन्यामागच्या जाळीकडे बघत राहिल्या, जिथे तात्यांचं मशीन त्या वेगळ्या गाडीची वाट पाहत होतं.

"नेत्रा," त्यांनी विचारलं, "उद्या मनोज नक्की विचारेल ना गं त्या वेगळ्या गाडीचं? आणि आली तर... नेते कुठे?"

"मी त्यांच्याबरोबर जाऊन बघून येईन आई," नेत्रा म्हणाली. "तुम्हाला सांगेन."

वल्लरीने तेवढ्यात दुसरं पान उचललं होतं.